युकुलेलीला खालचा सा: लो जी तार निवडावी कशी, चढवावी कशी

दर गुरुवारी आमच्या गावच्या देवळात बायकांचं भजन असतं. पेटी, ढोलकी, खंजेरी आणि टाळ. मी पहिल्यांदा युकुलेली, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घेऊन गेले तेव्हा पेटीवाल्या काकूंनी काळी चारवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या या खेळण्यात आमचा सा कुठी हाय?"

मी तिथेच बसून शोधला. वरचा सा सापडला, मध्य सप्तकातला सापडेना. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा कळलं की माझ्या बोटांचा दोष नव्हता. तो सूर त्या वाद्यात नव्हताच.

युकुलेलीच्या चार तारा जी, सी, ई, ए या इंग्रजी नावांच्या सुरांना लावतात. हनुवटीकडची तार जी. आपल्याला वाटतं की वरून खाली येताना सूर चढत जातील, पण नेहमीच्या युकुलेलीत ही जी तार उंच असते, ३९२ हर्ट्झची. शेजारची सी तिच्यापेक्षा खाली, २६१.६ हर्ट्झ, म्हणजे पेटीची मधली पांढरी एक. त्याखाली वाद्यात काहीच नाही. काळी चारचा बायकांचा मध्य सा २०७.७ हर्ट्झवर असतो. म्हणजे सा आणि रे दोन्ही गायब, गाणं थेट गंधारापासून सुरू. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषांना सा मिळतो, पण मंद्रातले नी, ध, प मिळत नाहीत. आणि आपल्या भजनांच्या चाली तर धृपदाच्या शेवटी खाली उतरून पंचमाला टेकून येतात.

यावर उपाय एका तारेचा आहे. उंच जीच्या जागी एक सप्तक खालची जी, १९६ हर्ट्झची, लावायची. हिला सगळे लो जी म्हणतात. कॉर्डची (एकत्र छेडायच्या सुरांच्या जोडणीची) बोटं एकही बदलत नाहीत, शिकलेलं काही वाया जात नाही. जातो तो फक्त उंच जीचा तो खळखळणारा, हवाईयन वाटणारा आवाज. नुसते कॉर्ड छेडत सिनेमाची गाणी म्हणायची असतील तर तार बदलू नका, असंच मी सांगेन. चाल वाजवायची असेल तर मात्र बदला.

जुनीच तार ढिली करून चालत नाही

हा उद्योग मी केलाय, म्हणून आधी सांगते. जी तार आहे तीच सैल करत एक सप्तक खाली आणली. तार अक्षरशः लोंबायला लागली आणि फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटून फडफडायला लागली. कारण साधं आहे, नववी-दहावीला मीच शिकवते: तारेची लांबी आणि वजन तेच ठेवलं तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कंपनं निम्मी केली की ताण चौथाई उरतो. चार किलोच्या ओढीने बसलेली तार एक किलोवर आली तर ती वाजणार कशी? ताण न सोडता सूर खाली आणायचा असेल तर तारेला जड करावं लागतं.

जड करायचे मार्ग दोन. एक म्हणजे तार जाड करायची. दुसरा, जाडी फारशी न वाढवता वजन वाढवायचं. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या लो जी तारा या दोनांतूनच निघतात.

साधं नायलॉन हलकं असतं, घनसेंटिमीटरला सुमारे १.१४ ग्रॅम. त्यात लो जी करायची तर तार सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड घ्यावी लागते. ती ताठ होते आणि आवाज बोदा येतो, ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. फ्लुरोकार्बन त्याच्या दीडपटीहून जड, सुमारे १.७८ ग्रॅम. त्यामुळे तीच ओढ एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या तारेत मिळते. ही तार गुळगुळीत, बोट घासलं तरी आवाज करत नाही, आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. हा शेवटचा गुण आपल्याकडे फार कामाचा आहे, पुढे सांगते. अ‍ॅक्विला या इटालियन कंपनीची लाल रंगाची लो जी मिळते. तीही न गुंडाळलेली, पण मसाल्यात जडपणा मिसळलेली.

तिसरा प्रकार गुंडाळलेल्या तारेचा. आत नायलॉनचे बारीक धागे, वर धातूची सलग वेटोळी. जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास, तरी वजन भरपूर. आवाज मोकळा आणि मोठा, कधीकधी इतका मोठा की बाकीच्या तीन तारा तिच्यापुढे लाजतात. बोट सरकवलं की कुईऽ करते. आणि पहिल्या तीन फ्रेटवर धातू घासून चपटा होतो, तेव्हा तार बदलावी लागते. बाकीच्या तारा मात्र वर्षानुवर्षं चालतात.

माझं मत विचाराल तर लहान वाद्याला गुंडाळलेली आणि मोठ्याला फ्लुरोकार्बन. लहान म्हणजे किती, ते मोजून घ्या. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत (डब्यावरची, तारा अडकवायची पट्टी), जेवढी तार मोकळी कंप पावते तेवढी लांबी: सोप्रानो साधारण ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्ट ३८, टेनर ४३, बॅरिटोन ४८ ते ५१. लेबल नसेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. सोप्रानोला लो जी लावता येते, पण डबा एवढासा असल्याने खालचा सूर पोकळ येतो. टेनरला सगळ्यात छान शोभते. माझी कॉन्सर्ट आहे.

गावात बसून तार मिळवायची कुठून

पाकिटावर "लो जी" किंवा "लिनिअर" लिहिलेलं असलं पाहिजे, आणि वाद्याचा आकारही. नुसतं "युकुलेली सेट" लिहिलेलं असेल तर ते उंच जीचं समजा. तालुक्याच्या दुकानात हे मिळायचं नाही. नागपूर-अमरावतीला विचारून पाहावं, नाहीतर ऑनलाइन मागवून पार्सलची वाट बघावी. एकटी जी तारही मिळते. बाकीच्या तिन्ही ठीक असतील तर पूर्ण सेट घेऊ नका.

थांबायचं नसेल तर एक जुनी युक्ती आहे. क्लासिकल गिटारची चौथी तार, म्हणजे डी. ही नायलॉनच्या धाग्यांवर धातू गुंडाळलेली असते. गिटारवर ती ६५ सेंटिमीटर लांबीत १४७ हर्ट्झला लावतात आणि ओढ साधारण सात किलो येते. आता हिशेब करू: ३८ भागिले ६५, त्याचा वर्ग, गुणिले १९६ भागिले १४७, त्याचा वर्ग. येतात ०.६१. सात किलोचे झाले सव्वाचार. कॉन्सर्टला हे अगदी बेताचं आहे. सोप्रानोवर साडेतीनच्या थोडं वर, तेही चालेल. टेनरवर मात्र जवळजवळ साडेपाच, म्हणजे जरा कडक. तिथे कमी ताणाचा सेट शोधा. हीच क्लासिकल गिटारची तिसरी, साधी नायलॉनची तार लावून पाहिली तर कॉन्सर्टवर दोन किलोच ओढ येते. ढिली. फार तर सी तारेच्या जागी चालेल.

पण दुकानदार "गिटारची डी" म्हणून लोखंडी तार हातात देईल, कारण त्याच्याकडे तीच असते. ती घेऊ नका. पोलादी तारेची ओढ युकुलेलीच्या पातळ पाटीला आणि डिंकाने चिकटवलेल्या घोडीला झेपत नाही. ओळखायचं असेल तर टोकाला पितळेची मणीदार कडी आहे का बघा. कडी असली की परत द्या.

आणि तंगूस? वैनगंगेकडचा माझा एक विद्यार्थी मासेमारीचा तंगूस घेऊन आला होता, "मॅडम, हा लावून बघा." कल्पना काही वेडी नव्हती, फ्लुरोकार्बनचे धागे मासेमारीसाठीही वापरतात. पण आपल्या बाजारातला बहुतेक तंगूस साधा नायलॉनचा असतो. वर गणित आलंच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजने आम्ही तो मोजला. एकाच तुकड्यावर तीन ठिकाणी तीन मापं आली. मासोळीला त्याने फरक पडत नाही. तारेला पडतो, कारण जाडी सारखी नसली तर सूर कुठल्याच फ्रेटवर बसत नाही.

बॅरिटोनचा सेट कॉन्सर्टवर लावायचा मोहही टाळा. त्या तारा अर्ध्या मीटरच्या वाद्यासाठी असतात. ३८ सेंटिमीटरवर त्याच सुरांना लावल्या तर ओढ जवळजवळ ४२ टक्क्यांनी घटते.

तार चढवणं

सामान: नेलकटर, मऊ चादर, एक जाड कार्ड (लग्नपत्रिका झकास), पेन्सिल, फोनमधला ट्यूनर. लागलीच तर बारीक कानस.

चादरीवर वाद्य आडवं ठेवा. फक्त चौथी तार, म्हणजे जी, काढायची, बाकी हात लावायचा नाही. सगळ्या एकदम काढल्या तर घोडीवरची हाडासारखी पांढरी पट्टी निसटून पलंगाखाली जाते आणि मग ती उलटी बसवली जाते. खुंटी फिरवून तार पूर्ण सैल करा, मगच कापा. ताणलेली तार कापायची नाही, ती चाबकासारखी उसळते.

घोडीमागे लग्नपत्रिका ठेवा. माझ्या वाद्याच्या पाटीवर घोडीच्या मागे एक पांढरा खड्डा आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. पहिली फ्लुरोकार्बनची तार मी चढवत होते, गाठ सरकली आणि टोक फाटकन तिथे बसलं. पत्रिका तेव्हा ठेवली नव्हती.

घोडी दोन तऱ्हेच्या असतात. खाच असलेली असेल तर सोपं आहे. तारेच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारा, ती खाचेत खालून अडकवा आणि ओढा. भोकं असलेली, बांधायची घोडी असेल तर जरा सावकाश. आवाजाच्या गोल भोकाकडून टोक आत घाला आणि मागून सहा-सात सेंटिमीटर बाहेर काढा. ते टोक घोडीवरून पुढे आणा, तारेच्या मुख्य भागाखालून काढा आणि परत मागे न्या. आता ते घोडीवर जो फास तयार झाला त्याच्या खाली खोवा. जाड लो जीला एकदा खोवलं तरी पुरतं, बारीक तारांना दोन-तीनदा. खरी गोम शेवटच्या खोवण्यात आहे. ते घोडीच्या मागच्या कडेच्या खाली, उतारावर आलं पाहिजे. वरच्या सपाटीवर राहिलं तर दाब पडत नाही आणि गाठ सरकते. फ्लुरोकार्बन तर साबणासारखं निसटतं. एका हाताने टोक, दुसऱ्याने तार ओढून फास आवळा.

मग तार नटच्या खाचेतून खुंटीकडे. खुंटीच्या भोकातून ओवा, ओढा आणि पाच-सहा सेंटिमीटरची ढील मागे सोडा. त्यातून अडीच-तीन वेढे पडतात. तार खुंटीच्या आतल्या अंगाने, म्हणजे मानेच्या मध्याकडून गेली पाहिजे आणि प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली पडला पाहिजे. गुंडाळलेली तार सगळं नीट बसेपर्यंत कापू नका. मोकळं टोक कापलं की वेटोळी सुटतात. कापायचीच तर आधी काटकोनात मुरडून मग मुरडीच्या पुढे.

सूर चढवताना सर्वात मोठा धोका ट्यूनरचा आहे. तो "जी" दाखवतो. कुठला जी, हे सगळे ट्यूनर सांगत नाहीत. उंच जीची सवय असलेला हात खुंटी पिळत राहतो आणि तार एक सप्तक वर निघते, म्हणजे चौपट ताण. एकतर तार तुटेल, नाहीतर घोडी उचकटेल. म्हणून कानाने बघा: ही तार सीपेक्षा खालीच वाजली पाहिजे. खूण पक्की हवी असेल तर जीच्या पाचव्या फ्रेटचा सूर आणि सीची मोकळी तार एक झाली पाहिजे. पुढे सीचा चौथा फ्रेट म्हणजे ई, ईचा पाचवा म्हणजे ए. पाच, चार, पाच, एवढं लक्षात ठेवलं की वीज गेली, फोन बंद पडला तरी वाद्य लागतं.

नटची खाच

इथे घाई केली की काम बिघडतं. नट म्हणजे मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी. चौथी खाच उंच जीसाठी कापलेली असते, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटरची. गुंडाळलेली तार बहुतेक वेळा तशीच बसते. एक मिलिमीटरची फ्लुरोकार्बन मात्र खाचेच्या वर बसते, आत जात नाही. वर बसली की पहिल्या फ्रेटवर तार दाबताना जास्त ताणावी लागते आणि सूर चढतो. मोकळी तार सुरात, पहिला-दुसरा फ्रेट बेसूर, असं झालं तर दोष हाच समजा.

तपासायची रीत: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उचललेली आहे ते बघा. वहीचा कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट मुळीच नसेल तर मोकळी तार फ्रेटला लागून झणझणेल. पोस्टकार्ड आरामात जात असेल तर खाच खोल करावी लागेल.

सुईसारखी बारीक कानस गावच्या सोनाराकडे मिळते. आमच्या सोनारदादांनी दिली, वर "सोनं नाही ना घासत?" हेही विचारून घेतलं. कानस नसेल तर जुन्या तारेच्या तुकड्याला चारशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा. कानस खुंट्यांकडे थोडी उतरती धरायची, म्हणजे तार फ्रेटकडच्या कडेवर टेकेल. तीन-चार हात फिरवा, तार बसवा, तपासा. पुन्हा तीन-चार. रुंदी तारेपेक्षा नावापुरतीच जास्त. झाल्यावर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार खुंटीबरोबर सरकायला लागते, कचकत नाही.

खोल गेलीच तर खायच्या सोड्याची चिमूट खाचेत भरून वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो, मग पुन्हा घासायचं. आधी आजूबाजूच्या लाकडावर चिकटपट्टी लावा. आणि हे करताना खिडकी उघडी ठेवा, धूर डोळ्यांना झोंबतो.

शेवटी बारावा फ्रेट तपासा. तिथे मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वरचा सूर यायला हवा. जाड तारेत तो किंचित चढा येतो. थोडा असेल तर सोडून द्या, भजनाला आपण तिथवर जात नाही.

आपलं ऊन, आपला कूलर

नवी तार चार-पाच दिवस उतरत राहते. बाराव्या फ्रेटपाशी हलकेच सेंटिमीटरभर उचलायची, पुन्हा लावायची, असं दिवसातून दोन-तीनदा. भजनाच्या दिवशी दुपारी नवी तार चढवू नये.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या खोलीत, बंद गाडीत किंवा एसटीच्या खिडकीशी वाद्य ठेवलं तर डिंक मऊ पडतो, आणि तारा तर अखंड ओढत असतातच. घोडीची मागची कड उचलली जाते. प्रवासाला निघताना तारा एखाद-दोन सूर उतरवून ठेवा. एक पूर्ण सूर उतरवलं तरी ताण वीस टक्क्यांनी कमी होतो. कूलरच्या तोंडासमोर वाद्य टांगणं त्याहून वाईट. समोर ओलसर वारा, कूलर बंद झाला की कोरडी भट्टी. लाकूड फुगतं, आकसतं, चिरतं. नायलॉन ओल शोषतं आणि तासाभरात सूर सोडतं. पावसाळ्यातही तेच. फ्लुरोकार्बनचं मी कौतुक केलं ते यासाठी.

मग सा कुठे

तार बसली की पांढरी पाचची पूर्ण सरगम पहिल्या चार फ्रेटमध्ये मावते. जी तार मोकळी सा, दुसरा फ्रेट रे, चौथा ग. सी तार मोकळी म, दुसरा फ्रेट प. ई तार मोकळी ध, दुसरा फ्रेट नी, तिसरा वरचा सा. आमच्या मंडळाची पट्टी काळी चार, म्हणून मी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावते आणि बोटं तीच ठेवते. तारा अर्धा सूर चढवूनही जमतं, पण ओढ बारा टक्क्यांनी वाढते. कॅपो बरा. पांढरी एकच्या पुरुषांना मोकळी सी सा आणि मोकळी जी मंद्र पंचम, म्हणजे तंबोऱ्याची जोडीच हाताशी.

पुढच्या गुरुवारी काकूंनी पुन्हा काळी चार दाबली. मी कॅपो लावून मोकळी तार छेडली. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, पेटीचा भाता सोडला आणि म्हणाल्या, "हाय बाप्पा, याच्यात तर हाय."

काढलेली उंच जी मी फेकली नाही. शाळेच्या जुन्या लिफाफ्यात गुंडाळून ठेवली आहे, वर तारीख आणि स्क्रू गेजचं माप: ०.६२. भाची पुण्याहून आली की तिला तीच लागते.